जावेची तिळवडी

यंदा संक्रांतीची एक तिळवडी माझ्या घशाखाली उतरलीच नाही.

हळदीकुंकवाला पंचवटीतल्या बाया माझ्याकडे जमल्या होत्या. माझी धाकटी जाऊ लंकाबाई उखाण्यात नवऱ्याचं नावच विसरली. प्रयोगशाळेत काम करणारी माझी नात वैष्णवी सगळ्यांना समजावायला लागली, "अल्झायमरमध्ये मेंदूत प्रथिनांच्या गुठळ्या होतात. त्या रोखायला आम्ही साखरेपासून केलेले रेणू वापरून बघतोय."

"मग हिला साखरेच्या पोत्यातच बसवा," मी म्हटलं. सगळ्या हसल्या.

 

लंकाबाईनं उठून, परक्या बाईला द्यावी तशी माझ्या हातावर वडी ठेवली. म्हणाली, "घ्या बाई, गोड बोला. आमच्या थोरल्या जाऊबाई कुठं दिसत नाहीत. त्या असल्या की मला कुणी हसत नाही."