मंजुरीचा शिक्का

माणिकराव साहेबांनी फ्लॉपीवर सही केली, तेव्हा सुलक्षणा समोरच उभी होती.

एरवी फ्लॉप्या शिपाई केबिनमध्ये न्यायचा. आज तो रजेवर, म्हणून ती स्वतः आली होती. परत आलेल्या फ्लॉप्यांवर सही-शिक्का दिसायचा, पण तो उमटतो कसा हे तिने आजवर पाहिलं नव्हतं. साहेबांची सही लेबलावर मावेना. त्यांनी बॉलपेन मुठीत आवळलं आणि काळ्या पातळ पाकिटाच्या मधोमध अशी सही ओढली की खालची टेबलाची काच करकरली. वर शिक्का. धाड. 'मंजूर'. मग दुसरी फ्लॉपी. ती पहिलीचीच कॉपी, पण तिलाही सही, तिलाही धाड.

म्हणजे फाइली खाणारं भूत इथे बसलं होतं तर.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर नवा नवा आला होता. हार्ड डिस्क नव्हती, मालकाने तेवढे पैसे वाचवले. काम जगायचं ते फ्लॉपीवर आणि मरायचं तेही तिथेच. पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग दोनदा मेलं होतं. फ्लॉपी घातली की पडद्यावर एकच रडगाणं, फाइल वाचता येत नाही. सुलक्षणाने ड्राइव्ह साफ केला, नव्या फ्लॉप्या मागवल्या, प्रोग्रॅम पहिल्यापासून चढवला. कॉम्प्युटर कंपनीचा टायवाला माणूस येऊन दोन चहा ढोसून गेला. टूलरूमचा लवू म्हणाला, "गे बाय, नजर लागली हा. लिंबू बांध." तिने तेही बांधलं. पोरगी डिप्लोमावाली खरी, पण बापाची गिरणी बंद, घर हिच्या पगारावर. साहेबांनी बजावलं होतं, आता फाइल मेली तर यंत्र परत, आणि यंत्राबरोबर तूही.

"साहेब, सही वेगळ्या चिठ्ठीवर करून चिकटवली तर? आतली चकती नाजूक असते. दाब पडला की..."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "सह्या करून केस पिकले माझे. आजवर एक तरी कागद मेला?"

"नाही साहेब."

"मग मला शिकवू नकोस."

मालकाचा मेहुणा. आपल्याकडे साहेब व्हायला डोकं लागत नाही, मनगट लागतं.

फ्लॉप्या मेल्याच होत्या. थोडी दुरुस्ती राहिलीय, अशी थाप मारून तिने एक दिवस मागून घेतला आणि साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत अख्ख्या झाकणाचं ड्रॉइंग पुन्हा काढलं. खरी फ्लॉपी पर्समध्ये टाकली. केबिनमध्ये पाठवल्या दोन कोऱ्या करकरीत. घे म्हणावं, कर सह्या.

संध्याकाळी त्या परत आल्या. सही होती, शिक्का होता, आणि लाल शाईत शेरा होता: 'काम सुधारले आहे. बोल्टचे भोक जरा मोठे करावे.'

सुलक्षणा हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी होती. तिने लवूला बोलावून दाखवलं. तोही पोट धरून हसला. कोऱ्या फ्लॉपीत माणसाला भोक दिसलं. शेरा मारल्याशिवाय सोडलं तर साहेब कसला.

"पण गे," लवू डोळे पुसत म्हणाला, "बोल्ट केवढो?"

"बाराचा."

"आणि भोक?"

तिने पर्समधली फ्लॉपी यंत्रात घातली. झाकण पडद्यावर आलं. भोक साडेअकराचं होतं. रागाच्या भरात काढलेलं, तपासायचं राहून गेलेलं. उद्या सकाळी लवू त्यावरून साचा करायला घेणार होता.

दोघांचं हसू एकदम बंद झालं. लवू टूलरूमकडे निघून गेला. सुलक्षणाने भोक मोठं केलं.

पुढच्या पार्टच्या वेळी दोन कोऱ्या फ्लॉप्या ती स्वतःच केबिनमध्ये घेऊन गेली आणि अदबीने म्हणाली, "साहेब, जरा नीट बघून द्या."