पेरलेला बग

"अण्णा, पाय हलवू नका हो, टेबल हलतंय," शेजारच्या खुर्चीतली मुलगी म्हणाली.

अण्णांनी पाय आवरला. लगेच दुसरा हलायला लागला.

कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. रुग्णाचा श्वास मंदावला की नर्सच्या टेबलावर घंटा वाजायची, ती याच सॉफ्टवेअरच्या जिवावर. ते आपोआप तपासणारं टेस्टिंग फ्रेमवर्क अण्णांनी स्वतः उभं केलेलं. आता ही पोरगी बाजारातलं नवं, झटपट फ्रेमवर्क घेऊन आली होती. दोन्हींतलं एकच राहणार होतं. अण्णांचं गेलं, तर अण्णाही गेल्यातच जमा. या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार?

साहेबांनी तोडगा काढला होता. सॉफ्टवेअरच्या चाचणीच्या प्रतीत मुद्दाम एक बग, म्हणजे चूक, पेरायचा. ज्याचं फ्रेमवर्क तो पकडेल, ते ठेवायचं.

"अण्णांनाच पेरू द्या," मुलगी म्हणाली होती. "कुठंही लपवा, माझं शोधून काढेल."

एवढी घमेंड! अण्णांना ते चांगलंच झोंबलं. त्यांनी थेट घंटाच मुकी करायचं ठरवलं. नव्या फ्रेमवर्कला पडद्यावर दिसेल तेवढंच कळतं, हे त्यांनी ताडलं होतं. घंटेचा आवाज तपासायची सोय फक्त त्यांच्याकडे होती.

त्या सकाळी दुसरं काम म्हणजे दवाखान्यांच्या चालू प्रतीत तारखेची किरकोळ दुरुस्ती पाठवायची. एवढ्याशा दुरुस्तीला कसली आलीय तपासणी, असा तिथला रिवाज. संगणकावर दोन्ही प्रतींच्या खिडक्या समोर उघड्या, आणि त्यात बायकोचा फोन.

"अहो, डबा घरीच राहिला. लक्ष कुठं असतं तुमचं?"

"आहे गं, आहे लक्ष," म्हणत अण्णांनी दोन्ही कामं हातावेगळी केली.

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये आधी नवं फ्रेमवर्क धावलं. पडद्यावर हिरव्या खुणा सरसर उतरत गेल्या. लाल एकही नाही.

"म्हणजे बग सापडलाच नाही?" साहेब म्हणाले.

मुलीचा चेहरा पडला. अण्णांचा जीव भांड्यात पडला. पोरीची थोडी दयाही आली त्यांना, पण थोडीच.

"आता आमचं म्हातारं बघा," ते ऐटीत म्हणाले.

म्हातारं रखडत, दम खात चाललं. एकदाचं घंटेपाशी आलं. हिरवं.

"असं कसं?" अण्णांनी पुन्हा लावलं. पुन्हा हिरवं.

"अण्णा, बग पेरलात ना नक्की?" साहेबांनी विचारलं.

"पेरलाय म्हणजे काय! घंटा बंद केलीय मी. आवाज यायलाच नको."

साहेबांनी पडद्यावरचं घंटेचं बटण दाबलं. घंटा केबिनभर खणखणली.

मुलगी पडद्याकडे वाकली. "अण्णा, या प्रतीत वेगळंच काहीतरी बदललंय. तारीख दुरुस्त केलेली दिसतेय."

अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. खुर्ची मागे पाडून ते उठले.

"फोन लावा! सगळ्या दवाखान्यांना फोन लावा! घंटेच्या भरवशावर राहू नका म्हणावं, प्रत्येक खाटेपाशी माणूस उभा करा!"