अठरावा गॉगल

"ह्यो बी न्हाई," म्हणत धुळाने सतरावा गॉगल काढला, तेव्हा रेश्माने कपाळावर हात मारून घेतला.

वडूजचा बाजार, भर दुपार. गॉगलवाल्याने एक मोठी छत्री उलटी टांगून तिच्या काड्यांना गॉगल अडकवले होते, आणि रेश्माचा सासरा त्यातला एकेक उतरवून डोळ्यांना लावत होता. लावल्यावर माणूस आरशात बघतो, रस्त्याकडे बघतो. धुळाचं सगळंच निराळं. तो मुंडाशात खोचलेले लोकरीचे दोन पुंजके काढायचा, एक तांबडा, एक निळा. ते नाकासमोर धरायचा आणि मान हलवायचा.

"दोनी सारकंच दिसत्यात."

तांबडा पट्टा त्यांच्या मेंढरांच्या पाठीवरचा, निळा केरबाच्या मेंढरांचा. माळावर दोघांचे कळप एकत्रच चरायचे आणि संध्याकाळी रंग बघून ज्याने त्याने आपली मेंढरं वेगळी करायची. एके काळी धुळाला पाठ बघायचीही गरज नव्हती, तोंडावरून ओळखायचा. पण गेल्या पंधरवड्यात केरबाच्या दोन मेंढ्या त्याच्या कळपात निघाल्या, आणि केरबाने चार माणसांत त्याला चोर म्हटलं. चाळीस वर्षांचा सोबती. धुळा त्या दिवशी जेवला नाही. सगळा दोष उन्हाचा, उन्हाने डोळे दिपतात, असं त्याने ठरवून टाकलं. डोळ्यांच्या शिबिरातला डॉक्टरसुद्धा म्हणाला होता, उन्हात गॉगल लावा. डॉक्टर आणखी काय म्हणाला, ते त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

"आवं मामा, शंभर रुपयाचा गॉगल," रेश्मा म्हणाली. "त्यात आनखी काय काय दिसाय पायजे तुमास्नी?"

"तू लावून बग."

"मी?"

"बग म्हंतोय न्हवं."

भर बाजारात, सासऱ्यासमोर, डोक्यावरचा पदर सावरत रेश्माने गॉगल लावला. नेमकी तेवढ्यात वस्तीवरची बनाबाई समोरून गेली. "आगं बया, हिरवीनच झालीस की!" म्हणून ती जी हसली, ते पार कोपऱ्यावर वळेपर्यंत. रेश्माच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा शिरवळच्या कंपनीत, सासू एकटी मेंढरांमागे, परतीची एसटी तीनला. आणि इथे हे थेर.

"दिसतंय की," ती फणकारली. "ह्यो तांबडा, ह्यो निळा. चांगलं सोच्छ दिसतंय."

"तुजं डोळं तरनं हायत," धुळा म्हणाला आणि अठराव्या गॉगलला हात घातला.

आता गॉगलवाल्याचाही धीर सुटला. "आजोबा, सकाळपासनं बोहनीबी नीट झाली न्हाई, आन् तुमी समद्या मालाला नावं ठिवताय. माज्या गॉगलात खोट न्हाई. आता गॉगल न लावता सांगा बरं, ह्यातला तांबडा कंचा?"

"त्यात काय सांगायचं?" धुळाला ते अपमानाचंच वाटलं. दोन्ही हातांत एकेक पुंजका होता. त्याने क्षणभरही न घुटमळता उजवा हात वर केला. "ह्यो."

उजव्या हातात निळा होता.

गॉगलवाला हसायला तोंड उघडतच होता. रेश्माने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो मुकाट फडकं घेऊन काचा पुसायला लागला.

सकाळपासून साठलेला राग कुणावर काढावा, तेच तिला कळेना. ती रोज त्याच्या हातात चहा देत होती. गेले कितीतरी दिवस तो कप धरण्याआधी हवेत चाचपत होता. म्हातारपण आलं, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. तिला स्वतःचीच चीड आली.

"चुकलं व्हय गं?" धुळाने विचारलं.

त्याने दोन्ही पुंजके डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ नेले. मग हात खाली सोडले.

"डॉक्टर आनखी काय म्हनला, मामा?" तिचा आवाज चढलेलाच होता. "आता खरं सांगा."

"साताऱ्याला या म्हनला. डोळ्याचं आपरेशन हाय. मोतीबिंदू पाक पिकलाय म्हनं." तो जमिनीकडे बघत बोलला. "मैनाभर उनात जायाचं न्हाई, धुळीत जायाचं न्हाई. मग मेंढरं कुनी बगायची?"

"मी बगीन की! आज सासूबाई एकल्या बगत्यात तर काय मेंढरं पळून गेली?" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचा भाजीवालाही वळून बघायला लागला. "चार मैनं झालं शिबिराला. चार मैनं ह्ये पोटात ठिवलं! केरबामामा चोर म्हनलं, त्येबी ऐकून घेतलं!"

तिने शंभराची नोट गॉगलवाल्याच्या हातावर आपटली, अठरावा गॉगल उचलला आणि स्वतःच सासऱ्याच्या डोळ्यांवर चढवला. गॉगल जरा वाकडा बसला. तिने तो सरळ केला. त्या काळ्या काचांमागे त्याचे डोळे दिसेनासे झाले, आणि खालून एक थेंब ओघळला तेवढाच काय तो दिसला.

मग त्याने दोन्ही पुंजके तिच्या ओंजळीत टाकले.

"ह्यातला तांबडा तू ठिव," तो म्हणाला. "निळा केरबाला दिऊन यी. आन् सांग त्याला, धुळा चोर न्हाई म्हनावं. आंधळा हाय."