चुकणारे ठोके

“एकोणसत्तर. मध्ये तीन चुकले.” बायकोने त्याचं मनगट सोडलं.

“काल दोन होते.”

“काल दोन होते, आज तीन आहेत. चहा घ्या, निवतोय.”

तो लिफ्टचा मेकॅनिक होता. आतून झिजलेला दोर बाहेरून धडधाकट दिसतो, हे धंद्याने त्याला शिकवलं होतं. त्यामुळे तीन ईसीजी, छातीची सोनोग्राफी, पट्ट्यावर पळून केलेली तपासणी, सगळं साफ निघूनही त्याचा विश्वास बसत नव्हता. स्वतः नाडी पाहायला गेला की धास्तीनेच आकडा सव्वाशेवर जायचा. म्हणून रोज सकाळी बायको मोजायची. ती कापड गिरणीत तपासनीस होती. समोरून सरकणाऱ्या कापडातला सुटलेला धागा डोळ्यांआधी तिच्या हाताला कळायचा. यंत्र चुकेल, हिचा हात चुकणार नाही, असं तो चारचौघांत सांगे. कामावर त्याला सगळे ‘आयसीयू’ म्हणत.

डॉक्टरांनी चौथा ईसीजी काढायला नकार दिला.

“हृदय ठणठणीत आहे. दुखणं काळजीचं आहे, आणि त्यावर मी गोळी देणार नाही. रोज अर्धा तास चाला. भीती वाटली की श्वास सावकाश सोडा. आणि हे मोजणं बंद करा.”

“पण ठोके चुकतात, डॉक्टर. ही खोटं बोलत नाही.”

“एखादा ठोका सगळ्यांचाच चुकतो. जितकं मोजाल तितकं घाबराल.” मग ते तिच्याकडे वळले. “तुम्हीच मोजू नका, ताई.”

“नाही मोजणार,” ती म्हणाली.

पहिला आठवडा वाईट गेला. आंघोळ करून आला की तो हात पुढे करून बसायचा.

“एकदाच. पाव मिनिट.”

“शब्द दिलाय मी.”

“मेलो तर?”

“मेलात तर मोजून काय करू?”

तो चालायला लागला. तीही सोबत निघायची, पण चढ आला की मागे पडायची आणि कोणाच्या तरी कुंपणाला टेकून उभी राहायची.

“तुम्ही व्हा पुढे. तुमच्यामागे पळायला लग्न केलं नव्हतं मी.”

आपल्याला जोर यावा म्हणून ती मुद्दाम मागे राहते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तो झपाझप वर जाऊन तिची वाट पाहत थांबायचा.

भीती काही गेली नाही. फक्त तिला बसायला जागा कमी उरली. दहाव्या आठवड्यात बंद पडलेल्या लिफ्टसाठी तो हत्यारांची पेटी घेऊन सात मजले चढला आणि वर पोचल्यावरच त्याच्या ध्यानात आलं, की वाटेत छातीवर हात गेला नव्हता. हे बायकोला सांगावं म्हणून त्याने फोन काढला, तेवढ्यात गिरणीतूनच फोन आला. ती तपासणीच्या टेबलावर कोसळली होती.

तो इस्पितळात पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. ड्यूटीवरच्या डॉक्टर बाईंनी त्याला बाकावर बसवलं आणि कागद भरायला घेतले.

“हे आजचं नाही. त्यांचे ठोके कित्येक महिने चुकत असणार. वेळेत कळलं असतं तर करता आलं असतं काहीतरी. कधी जाणवलं नाही?”

“तिचे नाही. माझे चुकायचे. दोन, तीन. एकदा पाच.”

“कोण म्हणालं?”

“तीच. रोज सकाळी मोजायची. दहा आठवड्यांपूर्वी बंद केलं आम्ही.”

“तुमच्या तपासण्या झाल्या होत्या?”

“सगळ्या. काही निघालं नाही.”

बाईंचं पेन थांबलं. “नाडी कशी मोजायच्या त्या?”

त्याने आपल्या डाव्या मनगटावर उजवा अंगठा दाबून दाखवला. “अशी. कापड तपासायची तशीच.”

बाईंनी त्या अंगठ्याकडे पाहिलं.

“अंगठ्याने नाडी बघत नाहीत,” त्या म्हणाल्या. “अंगठ्याला स्वतःची नाडी असते. माणूस आपलेच ठोके मोजत बसतो.”