खाली वाकलेली रेघ

गल्लीच्या सभेत आरोग्य खात्याचे साहेब पडद्यावर आलेखाची एक रेघ दाखवत होते. नशेच्या अतिरेकाने राज्यात होणारे मृत्यू वर्षानुवर्षं चढतच गेले होते. यंदा मात्र रेघ जराशी खाली वाकली होती. "का, ते अजून कळलेलं नाही," साहेब म्हणाले.

पुढच्या रांगेत मायलेकी बसल्या होत्या, त्यातली लेक उठली. आईने तिची बाही ओढली. "बस गं खाली, सगळी गल्ली आलीय. दवाखान्यातले ते दिवस तू मावशीकडे होतीस, असं सांगितलंय मी."

"साहेब, यंदा जे वाचले त्यांत मी आहे," लेक म्हणाली. "श्वास थांबला होता माझा. आतून कडी होती, पण कुणीतरी वेळेवर दार फोडलं."

मागून कुजबुज आली, "शोभतं का हे?"

आईने बाही सोडली आणि तीही उभी राहिली.

"कुणीतरी काय? मी फोडलं, या खांद्यानं," ती मागे वळून म्हणाली. "तुमच्या घरी कडी लागली तर लाजत बसू नका. हाक मारा."