केतकीच्या वाटणीचं रक्त

बाळाचं वजन किती भरलं हे कुणी विचारण्याआधीच त्याच्या नाळेतलं रक्त थर्मोकोलच्या डब्यात बसून पुण्याला निघालं. ते थोरल्या बहिणीच्या, केतकीच्या उपचारासाठी होतं. त्यानं ती चालू लागेल, असं डॉक्टर म्हणाले नव्हते. "बघू," म्हणाले होते. आजीनं तेवढ्यावर सोनाराकडे पैंजण करायला टाकले होते.

बाबांनी केतकीची व्हीलचेअर आईच्या कॉटला लावली. जन्मताना प्राणवायू कमी पडल्यामुळे सातव्या वर्षीही तिची मान कलंडायची, मुठी उघडायच्या नाहीत आणि एकेक शब्द जुळवायला वेळ लागायचा.

आईनं बाळाला तिच्या मांडीवर दिलं. बाबांनी खालून हाताचा आधार दिला. केतकीनं हसत भावाला नीट न्याहाळलं.

"मान... धरतो?"

"एवढ्यात कुठली, बाई?" आजी म्हणाली.

"बसतो?"

"नाही गं."

"मुठी?"

"मिटलेल्याच असतात."

"बोलतो... तरी?"

"छे! नुसता रडतो."

केतकीनं बाळाच्या हनुवटीवरची लाळ पाहिली. तिचं हसू मावळलं. बराच वेळ ती शब्द जुळवत राहिली.

"बाबा, डबा... परत मागवा. आधी... ह्याला द्या."