राजाचा हुकूम

एकोडीच्या तुलारामच्या धानावर तुडतुडे पडले. ग्रामसेवकाने बजावले, "औषध मारायच्या आधी भोंग्यावरून गावाला सांगायचं. नियम आहे. कोणाची ढोरं मेली तर तू जबाबदार." तुलाराम भोंग्याच्या परवानगीसाठी ठाण्यात गेला.

"पंधरा दिवस लागतील," जमादार म्हणाला.

"तवपर्यंत तुडतुडे थांबतीन का साहेब?"

"त्यांचा अर्ज आला नाही आमच्याकडे."

गावच्या मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, दंडारीला मात्र भोंग्याची परवानगी आधीच मिळाली होती, आणि त्या नाटकात राजा तुलारामच होता. भरदुपारी मुकुट घालून तो मंचावर आला. संहितेप्रमाणे त्याने घरोघरी लाइट देण्याचा हुकूम सोडला आणि त्याच दमात भोंग्यात गरजला, "प्रजाजनहो! उद्या सकाळी तुलारामच्या वावरात फवारणी आहे. आपापली ढोरं घरी बांधून ठेवा!"

शिट्ट्या, टाळ्या, वन्समोर! पुढे बसलेला जमादार तर पोट धरून हसला. राजाने दोन्ही हुकूम पुन्हा सोडले.

सकाळी पाठीवर पंप लादून तुलाराम वावरात पोचला, तर अर्ध्या गावाची ढोरं त्याच्याच धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, चरत होती. शेजारची कौशल्याबाई तिथेच निवांत बसली होती.

"काकी, काल मंडईत होती ना तू? आयकलं नाही काय?"

"आयकलं ना बापा. पन त्याच राजानं घरोघरी लाइट देतो म्हटलं. आली काय? मंग ढोरं कोन बांधते?"